रेषेलगतची धूळ

मला घाण चालत नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. सोनोग्राफीच्या खोलीत टेबलाच्या कडेला जेलचा एखादा थेंब सुकलेला दिसला तरी माझ्या कपाळाला आठ्या पडतात. पडद्यावरच्या चित्रात धूळ दिसली तर मी मशीनवर ओरडते. मशीन ऐकत नाही, म्हणून मग माणसांवर ओरडते. हॉस्पिटलात मला पाठीमागे फिनेल म्हणतात. मला हे माहीत आहे हे त्यांना माहीत नाही, आणि ते तसंच राहिलेलं बरं.

काम माझं असं. पोटातल्या बाळाकडून नाळेवाटे वारेकडे, म्हणजे प्लासेंटाकडे, जे रक्त जातं, त्याचा वेग आमच्या पडद्यावर लाटांसारखा उमटतो. याला डॉपलर म्हणतात. बाळाच्या हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला एक डोंगर, आणि दोन डोंगरांच्या मध्ये दरी. वार धड असेल तर दरीतही रक्त वाहत राहतं, म्हणजे दरी खालच्या आडव्या रेषेपासून चांगली वर असते. वार बिघडायला लागली की दरी खाली खाली उतरते. ती रेषेला टेकली की समजायचं, दोन ठोक्यांच्या मध्ये रक्त थांबतंय आणि बाळाला आता फार दिवस आत ठेवता येणार नाही. ज्यांचं ब्लडप्रेशर चढतं, ज्यांची आधीची बाळं गेलेली असतात, ज्यांच्या पोटातलं बाळ वाढत नाही, अशा बायका दर दोन-तीन दिवसांनी माझ्या टेबलावर येऊन झोपतात. बावीस वर्षं मी ह्या दऱ्या बघत आलेय.

तीन आठवड्यांपूर्वी नवीन मशीन आलं. ते बसवायला आलेला इंजिनिअर पोरगेलासा होता आणि प्रत्येक वाक्याला मॅडम म्हणत होता. पहिल्याच चित्रात मला रेषेलगत करडी फडफड दिसली. मी म्हटलं, "ही घाण काढ." त्याने पडद्यावरची दोन-तीन पानं उलटून काहीतरी फिरवलं आणि चित्र एकदम लख्ख झालं. काळ्याभोर पाटीवर पांढऱ्या लाटा, बस्स. "हेच माझ्या नावाने साठवून ठेव," मी म्हटलं. तो "मॅडम, पण बारीक प्रवाह असेल तर" असं काहीतरी सुरू करायला गेला. मी त्याला म्हटलं, तू जन्माला येत होतास ना, तेव्हा मी हेच काम करत होते. पोरगा मुकाट्याने बॅग आवरून गेला.

त्या मशीनवर मी गेल्या आठवड्यात एक बाळ वाचवलं, असं सगळे म्हणत होते. तेहतीस आठवड्यांची बाई होती, वाचनालयात काम करणारी. माझ्या चित्रात तिची दरी रेषेला टेकलेली दिसली. दोन तासांत तिचं सिझर झालं. बाळ दीड किलोलाही कमी भरलं. आता वरच्या मजल्यावर काचेच्या पेटीत आहे. सिझरच्या आधी तिच्या नवऱ्याने मला दारात गाठून विचारलं होतं, "मॅडम, मशीन नवीन आहे ना? बरोबर दाखवतंय ना?" हा प्रश्न प्रत्येक नवरा विचारतो. माझं उत्तरही ठरलेलं आहे. मी म्हटलं, "मशीनला काही झालेलं नाही. तुम्ही सहीचं बघा." आणि चहा प्यायला गेले. त्या रात्री मला गाढ झोप लागली होती.

आता भिंगरी. भिंगरी म्हणजे माझी भावजय. कुरियरच्या गोदामात पत्ते बघून पार्सलं लावायचं काम करते आणि दिवसाला दहा-बारा किलोमीटर तिथल्या तिथे चालते. हे नाव माझ्या भावानेच ठेवलंय, कारण तिच्या पायाला खरोखरच भिंगरी आहे. दोन वेळा तिचं पोट रिकामं झालं. पहिल्यांदा दहाव्या आठवड्यात, दुसऱ्यांदा चोविसाव्या. दुसऱ्या वेळी बाळाचे कपडे आणून झाले होते. ते कपडे तिने कुणाला दिले नाहीत आणि परत कधी उघडलेही नाहीत. ह्या खेपेला सव्विसाव्या आठवड्यापासूनच प्रेशर चढलं, बाळ लहान राहायला लागलं, आणि डॉक्टरबाईंनी तिला कामावरून उठवून घरी बसवलं. बसवलं म्हणजे नावाला. आठ दिवसांत तिने घरातली सगळी कपाटं लावली, मग शेजारणीची.

नात्यातल्या माणसाची सोनोग्राफी आपण करायची नाही असा आमचा नियम आहे. हात थरथरतो, डोळा हवं ते बघतो. म्हणून भिंगरीची तपासणी माझी धाकटी करायची. धाकटी म्हणजे माझ्या हाताखालची टेक्निशियन, चार वर्षं माझ्याकडे आहे, तोंडातून शब्द काढायचा तर आधी परवानगी मागेल अशी. मंगळवारी तिने काढलेलं भिंगरीचं चित्र मी बघितलं आणि तळपायाची आग मस्तकात गेली. दरी खाली होती, पण रेषेच्या वर होती. आणि रेषेला चिकटून नुसती करडी धूळ.

"हे चित्र आहे की पायपुसणं?" मी विचारलं. "ह्यात दरी कुठे संपते आणि धूळ कुठे सुरू होते, सांग बघू."

 धाकटी म्हणाली, "पुढच्या वेळी नीट काढते, ताई."

मला तेवढंच ऐकायचं होतं. पण तिच्यावर विसंबायला जीव तयार होईना. बुधवारी दिवसभर माझं कशात लक्ष नव्हतं. भात दोनदा लावला. भावाला तीनदा फोन केला आणि तिन्ही वेळा काय विचारायचं तेच आठवेना. तो लिफ्ट दुरुस्त करतो. एकदा तर तो दोन मजल्यांच्या मध्ये होता. "ताई, मी लोंबकळतोय, संध्याकाळी बोलू?" म्हणाला.

गुरुवारी सकाळी साडेनऊला भिंगरी आली. त्या दिवशी तिला बत्तीस आठवडे पुरे होत होते. मी धाकटीला स्टोअरमधून कागदाचे रोल आणायला पाठवलं. रोल कपाटात भरपूर होते. ती माझ्याकडे बघून काहीतरी बोलणार होती, पण गेली.

"हे काय, आज खुद्द वन्सं?" भिंगरी टेबलावर चढत म्हणाली. एरवी ती मला ताईच म्हणते. वन्सं म्हटलं की समजायचं, चिडवायला सुरुवात झाली. "नियम मोडलात. मी नाव सांगेन हं तुमचं."

"गप पड. आणि पाय हलवू नकोस."

"पाय हलवला तर बाळाला काय होतं?"

"बाळाला काही होत नाही. मला होतं."

ती हसली, पोट गदागदा हललं आणि पडद्यावरच्या लाटा वेड्यावाकड्या झाल्या. मी म्हटलं, हसूही नकोस, श्वास रोखूही नकोस, नेहमीसारखा घे. "नेहमीसारखा म्हणजे कसा ते आता आठवत नाही," ती म्हणाली, आणि हे तिने चिडवायला म्हटलं नव्हतं. तिचा हात टेबलाची कडा घट्ट धरून होता. बाळ हलत होतं. आजूबाजूला पाणी पुरेसं होतं. बाळाच्या मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीचे आकडे मंगळवारचेच होते. मग मी नाळेचा मोकळा वेढा शोधला, त्यावर पडद्यावरची खूण टेकवली आणि थांबले.

डोंगर, आणि मध्ये काहीच नाही. पुन्हा डोंगर, पुन्हा काहीच नाही. इतकं स्वच्छ चित्र मी महिन्याभरात काढलं नव्हतं. प्रत्येक दरी सरळ खाली येऊन रेषेवर बसलेली.

"ताई," भिंगरी म्हणाली. "तुम्ही बोलायच्या थांबलात."

"बघतेय."

"मंगळवारी धाकटी सारखी बोलत होती."

 मी नाळेची दुसरी जागा घेतली, तिसरी घेतली. तेच.  मी तिच्या पोटावरचं जेल पुसलं, जरा जास्तच वेळ पुसत राहिले, आणि डॉक्टरबाईंना बोलवायला गेले.

डॉक्टरबाई शांत आहेत. मी त्यांना आजवर पळताना पाहिलेलं नाही. त्या आल्या, चित्र बघितलं, पोटावर फिरवायचा प्रोब स्वतः हातात घेऊन दोन जागी टेकवला. त्यांनाही तेच दिसलं. बाहेर पॅसेजमध्ये येऊन त्या म्हणाल्या, "चौतीसपर्यंत ओढायचं होतं आपल्याला. पण प्रेशरही चढतंय आणि आता हे. बाळाच्या फुफ्फुसांसाठीची इंजेक्शनं परवाच देऊन झालीत. एक वाजता थिएटर रिकामं होतंय." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "चित्र तुमचं आहे म्हणून मला शंका नाही."

सव्वादहा वाजले होते. भिंगरीला समोरच्या वॉर्डात नेलं, हिरवा गाऊन घातला, हाताला सुई लावली. तिने ऐकलं तेव्हा ती रडली नाही. तिने फक्त विचारलं की ठरलं होतं त्याच्या दोन आठवडे आधी म्हणजे नक्की किती आधी. मी म्हटलं, अगं आजकाल बत्तीसची बाळं काय, अठ्ठाविसाची जगतात. "जगतात हे मला माहितीय," ती म्हणाली. "कशी जगतात ते विचारतेय." माझ्याकडे ह्याचं उत्तर होतं. श्वासाची नळी, संसर्गाची भीती, दूध पचत नाही, पेटीत महिना-महिना. ते मी सगळं गिळलं आणि उशी सारखी केली.

भाऊ अकराच्या सुमारास आला, हाताला ग्रीस तसंच. त्याला तसल्या हातांनी वॉर्डात आलेलं बघून मला चीड यायला हवी होती, पण आली नाही. मी त्याला बेसिनपाशी नेलं आणि तो हात धूत असताना सगळं सांगितलं. मला आठवलं, हा चार वर्षांचा असताना मीच त्याचे हात असे नळाखाली धरायची.

तो नुसता हात घासत राहिला. मग नळ बंद न करताच म्हणाला, "ताई, मशीन बरोबर आहे ना?"

"तूसुद्धा?" मी इतक्या जोरात म्हटलं की पलीकडची आया वळून बघायला लागली. "बावीस वर्षं मी हे काम करतेय. मशीनला काही झालेलं नाही. तू सहीचं बघ."

"बघतो ना. मी आपलं विचारलं." तो ओशाळला. "आमच्यात लिफ्ट अडकली असा दिवा लागला की आधी दिवाच तपासतात. बरेचदा लिफ्ट चालूच असते. सवय आहे म्हणून तोंडातून गेलं."

मी तरातरा खोलीत परत आले. धाकटी रोलांचा ढीग घेऊन उभी होती. तिला बातमी कळलेली दिसत होती, चेहरा पांढरा पडला होता. मी तिला म्हटलं, ठेव ते आणि पुढची बाई आत घे. तिने तोंड उघडलं. मी म्हटलं, "आत्ता नको." ती बाहेर गेली.

काम करत राहिले की मन ताळ्यावर येतं असा माझा अनुभव आहे. त्या दिवशी आलं नाही. खुर्चीवर बसवत नव्हतं, उभं राहवत नव्हतं. कीबोर्ड पुसला. पुसलेला कीबोर्ड पुन्हा पुसला. भिंतीवरचं घड्याळ मिनिटाला मिनिट पुढे जात होतं आणि मला त्याचा राग येत होता. मेंदूचे आकडे तेच, पाणी ठीक, बाळ हलतंय, आणि नाळ मात्र दोन दिवसांत थांबली. होतं असं कधी कधी. मीच नव्या मुलींना शिकवते की असं होतं कधी कधी. मग माझ्या जिवाला घोर कसला लागलाय, मला कळेना. ताटात केस दिसावा पण बोटाला सापडू नये, तसं झालं होतं.

पुढची बाई धडधाकट होती. पस्तिसावा आठवडा, बाळ गलेलठ्ठ, साखर जरा वाढली म्हणून पाठवलेली. नाळेवर खूण टेकवली तशा सुरेख लाटा आल्या, दऱ्या रेषेपासून बोटभर वर. मी चित्र थांबवणार, तेवढ्यात माझी नजर रेषेच्या खाली गेली. नाळेतल्या शिरेचं रक्त उलट दिशेने जातं, म्हणून ते रेषेच्या खाली एका सलग पट्ट्यासारखं दिसतं. तो पट्टा होता. पण त्या पट्ट्याच्या आणि रेषेच्या मध्ये काळी कुळकुळीत फट होती. सरळ, पट्टीने आखल्यासारखी. शिरेतलं रक्त कडेला सावकाश वाहतं, मधोमध जोरात. ते सावकाश वाहणारं कुठे गेलं?

"काय झालं?" बाईने विचारलं.

"काही नाही. तुमचं बाळ उत्तम आहे," मी म्हटलं, आणि माझाच आवाज मला लांबून आल्यासारखा वाटला.

मी पडद्यावरची पानं उलटली. एक, दोन, तिसऱ्या पानावर ते होतं. फिल्टर. रक्तवाहिनीची भिंत स्वतःच हलते, त्याची फडफड चित्रात येते, ती गाळायला फिल्टर असतो. पण तो वर चढवला की भिंतीबरोबर मंद वाहणारं रक्तही गाळलं जातं. म्हणून नाळ बघताना फिल्टर सगळ्यात खाली ठेवायचा. हे मी शिकवते. जुन्या मशीनवर त्याचं बटण समोरच होतं आणि माझं बोट न बघता तिथे जायचं. इथे आकडा चौपट वर होता, आणि त्याच्यावर माझं नाव होतं.

मी तो खाली आणला. रेषेलगत करडी फडफड हजर झाली आणि काळी फट बुजली.

मी त्या बाईला टेबलावरून उठवलं कसं, दाराबाहेर सोडलं कसं, मला आठवत नाही. धाकटी दारातच होती. मी तिला आत ओढलं.

"मंगळवारी तू फिल्टर खाली केला होतास," मी म्हटलं.

तिने मान हलवली.

"आणि त्याआधी?"

"प्रत्येक वेळी करते, ताई. नवीन मशीन आल्यापासून." तिच्या डोळ्यांत पाणी यायला लागलं. "माझी बाई झाली की परत वर करून ठेवते. तुम्हाला वर लागतो ना."

"मला सांगितलं का नाहीस?"

  पायपुसणं हा शब्द अजून त्या खोलीतच होता. आज सकाळी ती तोंड उघडणार होती तेव्हा मी तिला रोल आणायला पाठवलं होतं, आणि मघाशी म्हटलं होतं, आत्ता नको.

बारा वाजून पाच मिनिटं झाली होती. मी आयुष्यात पहिल्यांदा त्या पॅसेजमधून पळाले. डॉक्टरबाई थिएटरच्या दारात टोपी घालत होत्या. मी म्हटलं, "थांबा. माझं चित्र चुकलंय." त्यांना वाटलं मी भावजयीच्या मायेने बोलतेय. तसं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं. "अहो, मीही पाहिलं ना," त्या हळुवारपणे म्हणाल्या. मी म्हटलं, तुम्हीही माझ्याच फिल्टरमधून पाहिलंत. मग एका दमात सगळं सांगितलं, तिसरं पान, इंजिनिअर, माझं नाव, धाकटी. शेवटी धाप लागली म्हणून थांबले. डॉक्टरबाईंनी टोपी काढली.

भिंगरीला परत आमच्या खोलीत आणलं. ती हिरव्या गाऊनमध्ये, हाताला सुई, आमच्या तिघींच्या तोंडांकडे आळीपाळीने बघत होती. ह्या वेळी प्रोब धाकटीने धरला. मी भिंतीला पाठ लावून उभी राहिले. फिल्टर तळाला आणला. चित्र घाण आलं, अगदी मंगळवारसारखं. डोंगर, आणि दरीत रेषेच्या वर एक बारीक, करडी, हलणारी किनार. डॉक्टरबाईंनी ती मोजली. दुसऱ्या जागी मोजली. नाळेच्या तीन जागा घेतल्या आणि तिन्हीकडे ती किनार होती.

"कमी आहे," त्या म्हणाल्या. "मंगळवारएवढंच कमी. पण वाहतंय."

"म्हणजे?" भिंगरीने विचारलं.

"म्हणजे आज काही करायचं नाही. तुम्ही इथेच राहायचं, एक दिवसाआड बघायचं, आणि जितके दिवस मिळतील तितके घ्यायचे."

 भिंगरीने सुई नसलेला हात पोटावर ठेवला आणि माझ्याकडे मान वळवली. "मला भूक लागलीय, ताई," ती म्हणाली. "सकाळपासून उपाशी ठेवलंय तुम्ही." वन्सं म्हणाली असती तर मला बरं वाटलं असतं.

तिला वॉर्डात पोचवून भावाला सांगितलं. तो खाली बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. "मशीन बरोबरच होतं," मी त्याला म्हटलं. "मी चुकले होते." तो उठून मला मिठी मारायला आला. मी म्हटलं आत्ता नको, मला अजून एक काम आहे.

ते काम मला पळत येतानाच दिसलं होतं. बोलले नव्हते एवढंच. खोलीत परत आले तेव्हा धाकटी आणि डॉक्टरबाई तीन आठवड्यांची यादी काढून बसल्या होत्या. भिंगरी सोडून मी केलेल्या जोखमीच्या बायका अकरा. त्यातल्या दहा जणींच्या दऱ्या फिल्टर असूनही वर होत्या, त्यांचा प्रश्न नव्हता. अकरावी वाचनालयातली. धाकटीने तिचं चित्र उघडलं. लख्ख होतं, काळ्या पाटीवर पांढऱ्या लाटा. कोपऱ्यात बारीक अक्षरात फिल्टरचा आकडा छापलेला होता. कुणी कधी बघत नाही तो आकडा.

"खाली प्रवाह होता का, आता कळेल?" धाकटीने विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "जे गाळलं ते गेलं."

डॉक्टरबाई म्हणाल्या, ह्याचा रीतसर अहवाल होईल, आणि त्या बाळाच्या आईशी बोलायचं काम त्यांचं आहे, त्या उद्या वेळ काढून बोलतील. मी म्हटलं, चित्र माझं आहे.  त्या म्हणाल्या, "चला, मी येते बरोबर. पण सुरुवात तुम्ही करा."

वरच्या मजल्यावर जाताना मी जिन्याने गेले. लिफ्टमध्ये उभं राहवलं नसतं. नवजात विभागाच्या दारात हात धुवायचे असतात. मी ते कोपरापर्यंत धुतले, आणि डॉक्टरबाईंनी नळ बंद केला तेव्हा मला कळलं की मी धूतच होते.

वाचनालयातली बाई निळा स्वेटर घालून पेटीशेजारी बसली होती. आत बाळाच्या नाकाला नळी होती, छातीवर चिकटपट्ट्या, पायाला प्राणवायू मोजणारा लाल दिवा लावलेला. बाळ माझ्या बोटांपासून कोपरापर्यंत मावेल एवढंच दिसत होतं. मला बघून तिचा चेहरा उजळला. "या ना," ती म्हणाली. "मी सगळ्यांना सांगते, तुम्ही बघितलं म्हणून हे आज इथे आहे. काल पुन्हा श्वास थांबला होता. पण आता बरंय."

मी सांगितलं. आडपडदा न ठेवता, पण जिथे सोपे शब्द सापडले तिथे सोपे वापरून. की मी मशीन असं लावून ठेवलं होतं की मंद वाहणारं रक्त दिसलंच नसतं. की तुमच्या नाळेत रक्त थांबलं होतं असं मी सांगितलं, ते कदाचित खरं होतं, कदाचित नव्हतं. डॉक्टरबाई माझ्या शेजारी उभ्या होत्या आणि दोनदा म्हणाल्या की निर्णय त्यांचा होता.

बाई ऐकत होती. मध्ये एकदाही तिने बोलून अडवलं नाही. माझं संपल्यावर तिने विचारलं, "मग हे अजून आत राहिलं असतं?"

"माहीत नाही."

"किती दिवस?"

"दोन आठवडे असेल. एकही दिवस नसेल. आता ते कुणालाच कळणार नाही." मला रडू येत होतं आणि ते तिच्यासमोर येऊ नये असं मला मनापासून वाटत होतं. "माझं चुकलं. मी तुमची माफी मागते."

तिने पेटीतल्या बाळाकडे बघितलं.  कुठलंतरी यंत्र टिकटिकत होतं, परिचारिका आली, आकडा लिहून गेली.

"आणि आज कसं काय लक्षात आलं?" तिने माझ्याकडे न बघता विचारलं.

"आज अजून एका बाईचं तसंच चित्र आलं. एक वाजता सिझर होतं. मला चैन पडेना, म्हणून पुन्हा बघितलं."

"तिचं बाळ आत राहिलं?"

"हो."

"ती तुमची कोण?"

मी डॉक्टरबाईंकडे बघितलं नाही. "भावजय," मी म्हटलं.

तिने हळूहळू मान हलवली, एखाद्याने पत्ता सांगितल्यावर हलवावी तशी. "माझ्या नवऱ्याने विचारलं होतं तुम्हाला," ती म्हणाली. "मशीन बरोबर आहे ना म्हणून. माझ्या वेळी तुम्हाला चैन पडली."

"हो," मी म्हटलं.

मग तिने बाह्या वर सारल्या, पेटीचं गोल झाकण उघडून हात आत घातला, आणि बाळाच्या पाठीवर दोन बोटं ठेवली. मी जाऊ का, असं मला विचारता येईना. ती जा म्हणेपर्यंत मी तिथे उभी राहिले.